शनीला मालिकेतला खलनायक करावे का?

प्रश्न : संवादलेखिका, गोरेगाव

नमस्कार. मी नऊ वर्षांपासून मराठी मालिकांचे संवाद लिहिते. सध्या एका अद्भुतरम्य मालिकेचे काम हाती आहे. लालबागच्या चाळीत वाढलेल्या एका मुलाला ऐन साडेसातीत आपल्या अंगी विलक्षण शक्ती असल्याचे कळते आणि ती शक्ती हिरावून घेण्यासाठी प्रत्यक्ष शनी त्याची नोकरी, राहते घर, बहिणीचे ठरलेले लग्न असे एकेक मोडत जातो. शेवटच्या भागात मुलगा शनीचा पराभव करतो. कथा सर्वस्वी कल्पित आहे आणि तशी पाटी प्रत्येक भागाआधी दाखवली जाणार आहे. वाहिनीच्या बैठकीत शनीचे नाव ठरले तेव्हा असे सांगण्यात आले की नवा खलनायक प्रेक्षकांच्या मनात रुजवायला काही महिने जातात, शनीची धास्ती मात्र घराघरात आधीपासूनच आहे. तेव्हा मला ते पटले होते आणि मी अकरा भागांचे संवाद लिहूनही दिले.

मागच्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओच्या फाटकापाशी एक गृहस्थ आले. दर शनिवारी मुंबईत दुकानोदुकानी दिसतात तसेच, हातात तेलाचा पत्र्याचा डबा, डब्यात काळी पडलेली शनीची छोटी मूर्ती, गळ्यात रुईच्या पानांची माळ आणि तळाशी तेलात बुडालेली नाणी. आमचे लाइटमन दादा सकाळभर शनीची भूमिका करणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर खालून निळा प्रकाश टाकत होते. ते चपला काढून पुढे झाले, दोन रुपयांचे नाणे त्यांनी तेलात सोडले, बोटाला लागलेले तेल कपाळाला लावले आणि परत येऊन तोच निळा दिवा पुन्हा लावला. त्यानंतरच्या प्रसंगात शनी त्या मुलाला म्हणतो, “तुझ्या आईच्या डोळ्यांतले पाणी हेच माझे तेल.” हे वाक्य माझे आहे. वाचनाच्या वेळी त्याला सर्वांनी दाद दिली होती. त्या दुपारी ते माझ्याच कानांना सोसवेना.

तक्रारी येतील का, मोर्चा निघेल का, हे मला विचारायचे नाही. ज्या देवाला आजही लोक हात जोडतात त्याला कल्पित कथेत दुष्ट ठरवणे योग्य आहे का, आणि पुराणांत देव कठोर वागतात ते आणि मी लिहिते आहे ते यांत काही फरक आहे का, याविषयी जाणत्यांनी लिहावे.

उत्तर : पोथीवाचक, दादर

ताई, फरक आहे, आणि तो शोधायला शनिमाहात्म्याची पोथीच पुरेशी आहे. माझ्या घरी तीन पिढ्या ती श्रावणातल्या शनिवारी वाचली जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उज्जयिनीत विक्रमराजाच्या सभेत पंडित एकेका ग्रहाची थोरवी सांगत असतात. शनीची पाळी येते तेव्हा एक पंडित सांगतो की याची दृष्टी जन्मतःच पित्यावर, म्हणजे सूर्यावर पडली आणि त्याला कोड फुटले. राजा हे ऐकून हसतो. त्याच वेळी विमानातून चाललेला शनी ते हसणे ऐकतो आणि खाली उतरतो. राजा पायांवर लोळण घेतो, क्षमा मागतो, तरी शनी बधत नाही. पुढे तो घोड्यांचा सौदागर होऊन येतो आणि राजाने घोड्यावर मांड टाकताच घोडा त्याला दूरच्या रानात नेऊन टाकतो. तामलिंदा नगरीत ज्या वैश्याकडे विक्रम आश्रयाला राहतो त्याच्या घरी भिंतीवरच्या चित्रातला हंस खुंटीवरचा मोत्यांचा हार गिळतो. समोर बसलेला विक्रम ते डोळ्यांनी पाहतो. मात्र चित्रातल्या हंसाने हार गिळला हे कोणाला सांगणार? चोरीचा आळ येतो, राजा चंद्रसेन त्याचे हातपाय तोडवतो आणि शेवटी एक तेली त्याला उचलून नेऊन घाण्यावर बैल हाकायला बसवतो. निरपराध माणसाच्या यातनांचे इतके निर्दय वर्णन आपल्या घराघरात वाचल्या जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही पोथीत मला आढळलेले नाही.

एवढे असूनही ती पोथी ऐकणाऱ्या कोणालाही शनी खलनायक वाटत नाही. माझ्या मते याचे कारण असे की खलनायकाला काहीतरी हवे असते. रावणाला सीता हवी होती, दुर्योधनाला राज्य हवे होते. शनीला विक्रमाचे राज्य नको आहे, त्याचे सामर्थ्य नको आहे, त्याच्या दुःखातून शनीच्या पदरात काहीही पडत नाही. तो काळासारखा येतो आणि मुदत संपली की जातो. आपण मात्र आपल्या मालिकेत त्याला त्या मुलाच्या शक्तीचा लोभ दिला आहे. देव कठोर दाखवल्याने कोणतीच चूक होत नाही. हा लोभ दिला तिथे चूक झाली आहे. लोभ दिल्याबरोबर तो शनी राहिला नाही, शनीचे नाव लावलेला एक सावकार झाला.

इंद्राची गोष्ट निराळी आहे. त्याला सिंहासन जाण्याचे भय सतत असते, म्हणून तो तपस्व्यांकडे अप्सरा पाठवतो, सगराच्या यज्ञाचा घोडा पळवतो, अहल्येला फसवतो, ब्राह्मणाच्या वेषात येऊन कर्णाची कवचकुंडले मागून नेतो. गोवर्धनाच्या कथेत तर तो सरळसरळ प्रतिपक्ष आहे आणि त्याचा गर्व उतरतो. पुराणकारांनी स्वतःच त्याला तशी जागा देऊन ठेवली आहे. आपल्याला देवांतलाच खलनायक हवा असेल तर तो इंद्रामध्ये सापडेल आणि त्यासाठी कथेला कुठेही पिळावे लागणार नाही.

उत्तर : दशावतारप्रेमी, भांडुप

पोथीवाचक सरांचे लिखाण आवडले. माझे म्हणणे कथेइतकेच ती कुठे आणि कशी सांगितली जाते याविषयी आहे.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. त्याच्या पूर्वरंगात गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर येतो. तो मालवणीत बोलतो, प्रेक्षकांची फिरकी घेतो, देवांचीही घेतो आणि सर्वांत जास्त हशा त्यालाच मिळतो. आख्यानात देव चुकतात, रागावतात, फसवतात, आणि समोर बसलेल्या आमच्या आज्या त्यांना मोठ्याने बोल लावतात. तरीही कोणाची श्रद्धा दुखावल्याचे मी ऐकलेले नाही. खेळ सुरू होण्याआधी गणपतीच्या पेटाऱ्याची पूजा झालेली असते, नट रंगायला बसण्याआधी हात जोडतो आणि पहाटे दहीकाला होऊन सगळे संपते. आपण खेळात शिरलो कधी आणि बाहेर आलो कधी, हे गावातल्या पोरालाही नेमके ठाऊक असते.

दूरचित्रवाणीला असा उंबरठा नाही. त्यातून, १९८७ मध्ये रामायण सुरू झाले तेव्हा लोकांनी टीव्हीच्या संचाला हार घातले, उदबत्त्या ओवाळल्या. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दाराबाहेर रविवारी सकाळी चपलांचा ढीग असायचा, आणि त्या घरातल्या काकू मालिका सुरू होण्याआधी पडद्यावरून ओला कपडा फिरवून कुंकू लावायच्या. ज्या पडद्याला एकदा कुंकू लागले आहे त्यावर त्याच देवतामंडळातला एक देव लोभी आणि क्रूर होऊन रोज रात्री साडेआठ वाजता येणार असेल, तर ‘ही कथा कल्पित आहे’ ही चार सेकंदांची पाटी उंबरठ्याचे काम करू शकणार नाही.

याचा अर्थ लिहू नये असा नव्हे. कथेच्या आतच एक सूत्रधार घ्यावा, चाळीतल्या मुलाला कोणीतरी ही गोष्ट सांगत आहे असे दाखवावे, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे कळेल. आमच्या मंडळींनी हे काम पेटाऱ्याने केले, तुम्हाला ते शब्दांनी करावे लागेल.

उत्तर : वकील, फोर्ट

ताईंनी तक्रारींविषयी विचारलेले नाही, तरी त्या बाजूचे थोडे लिहितो, कारण माझ्या अनुभवात लेखक पुष्कळदा कायद्याच्या भीतीलाच नीतीचा प्रश्न समजून बसतात.

धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे जुने कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ व्या कलमात आले आहे. त्यात नुसती भावना दुखावणे पुरेसे नाही. हेतू जाणूनबुजून आणि द्वेषमूलक असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात हे कलम वैध ठरवले ते याच अटीकडे बोट दाखवून. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतला सहावा नियम याहून व्यापक आहे. धर्मांवर हल्ला करणारा किंवा धार्मिक गटांची अवहेलना करणारा कार्यक्रम नसावा, असे तो सांगतो.

मुंबईकरांनी १९८८ मधले ‘तमस’ मालिकेचे प्रकरण आठवावे. फाळणीच्या दंगलींवरील ती मालिका थांबवावी म्हणून याचिका झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणाला मोकळीक दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका कायम ठेवली. त्या वेळी लावलेली कसोटी नागपूरच्या तत्कालीन उच्च न्यायालयाच्या एका निकालातून घेतलेली होती. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट मनाच्या माणसावर काय होईल ते पाहावे, दुबळ्या आणि डळमळत्या मनाच्या माणसावर काय होईल ते पाहू नये, असे ती सांगते. ही कसोटी मला लेखकांसाठीही मोलाची वाटते.

म्हणून पोथीवाचक सरांशी मी एका मुद्द्यावर सहमत नाही. शनीला काही नको असते असे ते म्हणतात. पण तो खाली उतरला कशासाठी? कोणीतरी हसले म्हणून. त्याला मान हवा होता. क्षमा मागूनही हातपाय तुटेपर्यंत न थांबणारा मानाचा हव्यास हा लोभापेक्षा लहान दोष आहे, असे मी मानू शकत नाही. एखाद्या लेखकाला त्या पोथीत सत्तेचा अहंकार दिसला आणि त्याने तो मालिकेत मांडला, तर तो त्या कथेचा प्रामाणिक वाचक आहे. आपल्याकडे जनाबाईंनी विठ्ठलाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हटले आणि तुकोबांनी ‘माझ्या लेखीं देव मेला’ असे लिहिले. देवाला जाब विचारण्याची मुभा आपण संतांना दिली आहे. तीच लेखिकेला नाकारण्याचे कारण मला सापडत नाही.

उत्तर : विदेशी मालिकांचा प्रेक्षक, विलेपार्ले

वकीलसाहेब, जनाबाईंचा दाखला इथे लागू पडतो असे मला वाटत नाही. जनाबाई विठ्ठलाशी भांडतात, कारण दळणकांडणात तोच त्यांच्या सोबतीला असतो. एखाद्याला शिव्या घालण्याइतकी जवळीक आधी कमवावी लागते. हीच गोष्ट मी अमेरिकी मालिकांत पाहिली आहे, म्हणून दोन उदाहरणे देतो.

‘सुपरनॅचरल’ या मालिकेच्या २०१० मधल्या एका भागात निरनिराळ्या धर्मांचे देव एका हॉटेलात जमतात. त्यांत गणेश आणि काली आहेत. हे देव माणसांचे मांस खाताना दाखवले आहेत आणि सैतान येऊन त्यांतल्या बहुतेकांना ठार करतो. मी तो भाग गणपतीच्या दिवसांत पाहिला. शेजारच्या खोलीत आरती चालू होती आणि मला टीव्ही बंद करावासा वाटला. पुढे कळले की त्याच मालिकेने शेवटच्या, म्हणजे २०१९-२० च्या हंगामात बायबलमधल्या देवालाही खलनायक केले. त्यामुळे त्यांनी पक्षपात केला असे सरसकट म्हणता येत नाही. तरीही तो देव त्या मालिकेत २००९ पासून या ना त्या रूपात वावरत होता, त्याला स्वभाव होता, त्याची बाजू होती, त्याच्या बिघडण्याला कारणे होती. गणेशाच्या वाट्याला एका भागातली थोडी मिनिटे आली. आपल्या देवाशी ते दहा वर्षे भांडले आणि आमच्या देवाला त्यांनी गर्दीत उभे करून मारले. मला दुखावले ते या उरकून टाकण्याने.

दुसरे उदाहरण ‘स्टारगेट’चे. त्यात परग्रहावरचे सर्पासारखे जीव माणसांच्या शरीरात शिरून देवांची नावे धारण करतात आणि गुलामगिरी लादतात. त्यांतली एक निर्ऋती नावाची आहे. ही आपली ऋग्वेदातली विनाशाची देवता. नैर्ऋत्य दिशेला नाव मिळाले ते तिच्यावरून. त्या मालिकेत दुष्ट ठरतो तो देवाचे नाव चोरणारा, त्यामुळे खऱ्या निर्ऋतीला कोणी काही बोलत नाही. ताई, आपल्या मालिकेतही शनी म्हणून जो वावरतो तो शनी नाहीच, असे शेवटी उघड करता येईल.

उत्तर : माहीमकर

मी शीतलादेवीच्या देवळापासून पाच मिनिटांवर राहते, आणि मला वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते, ती म्हणजे भीती. आपण ज्याला ‘देवी’ म्हणतो तो रोग आणि ती देवता यांना मराठीत एकच शब्द आहे. माझ्या आजीच्या दोन भावंडांना देवी आल्या आणि ती गेली. आजी त्याविषयी बोलताना ‘आईने नेली’ एवढेच म्हणत असे. त्या दोन शब्दांत राग होता आणि शरणागतीही होती. तिने देवीला दुष्ट म्हटले नाही आणि दयाळूही म्हटले नाही. १९८० मध्ये जगातून देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, देऊळ राहिले, आणि मंगळवारी तिथे आजही ओटी भरली जाते. दैवताशी असे नाते असते, त्यात नायक आणि खलनायक हे शब्द बसत नाहीत. ताईंची मालिका मला खोटी वाटते ती एवढ्यासाठी की तिच्यात भीती आहे, मात्र तिच्या जोडीला असणारे हे दुसरे काहीच नाही.

वकीलसाहेबांचे मात्र मला पटते. चेष्टा केली म्हणून हातपाय तुटणे हा न्याय नव्हे. मला वाटते पोथीलाही ते ठाऊक आहे. साडेसाती संपल्यावर शनी प्रसन्न होऊन वर माग म्हणतो, तेव्हा विक्रम आपले हातपाय आधी मागत नाही. मला गांजलेस तसे दुसऱ्या कोणाला गांजू नकोस, असे तो मागतो. सरांनी एवढी कथा सांगितली आणि नेमकी ही जागा सोडली, याचे मला आश्चर्य वाटले. इथे माणूस देवापेक्षा मोठा होतो आणि देव ते मान्य करतो. शनीचा पराभव हवा असेल तर तो पोथीत आधीच झालेला आहे, आणि तो भाविकांच्या घरी दर वर्षी मोठ्याने वाचला जातो.

तोतया शनीच्या सुचवणुकीबद्दल: चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाची नोकरी गेली तेव्हा एका ज्योतिष्याने साडेसातीची शांती म्हणून आमच्याकडून अकरा हजार रुपये घेतले आणि पुढच्या महिन्यात आणखी एक शांती सांगितली. देवाचे नाव चोरणारा खलनायक हवा असेल तर त्यासाठी परग्रहावर जाण्याची गरज नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. वराची ती जागा मला ठाऊक नव्हती. काल रात्री दादरहून पोथी आणून ती मी स्वतः वाचली, दोनदा वाचली.

सोमवारी सेटवर लाइटमन दादांना विचारले की शनीच्या चेहऱ्यावर तो निळा प्रकाश टाकताना त्यांना काही वाटते का. ते म्हणाले की रोज पहिला दिवा लावण्याआधी ते क्षमा मागतात. त्यांना सकाळी हात जोडताना मी रोज पाहत होते. तो नमस्कार यंत्रांना आहे, असा माझा समज होता.

मंगळवारच्या बैठकीत मी वाहिनीसमोर दोन गोष्टी मांडणार आहे. एक, मुलाच्या शक्तीचा लोभ शनीकडून काढून घ्यावा आणि तो चाळीत येणाऱ्या, शनीचे नाव घेऊन लोकांना लुबाडणाऱ्या माणसाला द्यावा. दोन, शेवटच्या भागात लढाई नसावी. मुलाने वर मागावा आणि तो विक्रमाने मागितला तोच असावा. सूत्रधाराची सूचनाही मला आवडली आहे, परंतु त्यासाठी नवा नट घ्यावा लागेल आणि ते माझ्या हाती नाही. वकीलसाहेबांचा मानाच्या हव्यासाचा मुद्दा मला अजून सुटलेला नाही. तो मी शनीच्याच तोंडी एका संवादात घालून पाहणार आहे.

चार भागांचे चित्रीकरण झाले आहे. ते आहेत तसेच दिसतील, त्यातले ते आईच्या डोळ्यांतल्या पाण्याचे वाक्यही. पाचव्या भागापासूनचे संवाद मी परत मागवले आहेत.